पुरात भिजलेली फुलं

नृसिंहवाडीचं नाव काढलं की बासुंदी, पेढे नि कवठाची बर्फी आठवायची, ही रीतच आहे. आमचं सासर वाडीचं, असं पुण्यात कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग येताना काय आणलंत?" पण आज मी तुम्हाला वाडीची निराळीच गोष्ट सांगणार आहे. ती आहे कापडी फुलांची, आणि ती करणाऱ्या माझ्या सासूबाईंची.

सासूबाई 1958 साली लग्न होऊन वाडीला आल्या, तेव्हा त्यांच्या रुखवतात कापडी फुलांचं तोरण होतं. तेव्हापासून त्यांच्या हातातली सुई काही सुटली नाही. कुणाचं रुखवत असलं की परडीच्या काठाला, पंख्याला, आरशाच्या चौकटीला फुलं लावावीत ती आमच्या सासूबाईंनीच. देवाला मात्र ताजंच फूल, हा त्यांचा नियम. कापडाची वाण कधी पडली नाही. जुनी लुगडी होतीच, शिवाय जवळच इचलकरंजी. तिथं 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग सुरू केला आणि पुढं ते गाव कापडाचंच झालं. कुणी तिकडे निघालं की सासूबाई पॉपलीनचे नि मलमलीचे तुकडे मागवून घेत.

त्यांची पद्धत सांगते. करून पाहण्यासारखी आहे. सुती कापड आधी भाताच्या दाट पेजेत बुडवायचं, वाळवायचं आणि किंचित ओलसर असतानाच इस्त्री करायची. या खळीमुळं धागे एकमेकांना धरून राहतात, कातरलेली कड लवकर सुटत नाही आणि पाकळीला दिलेला बाक टिकतो. गुलाबासाठी कापड उभं-आडवं न कापता उरेब पट्टी कापावी, 4 सेंटिमीटर रुंद नि 40 सेंटिमीटर लांब. ती लांबीत दुमडून मोकळ्या कडेनं धावदोरा घालावा, दोरा ओढून चुण्या पाडाव्यात आणि पट्टी गुंडाळत गुंडाळत बुडाशी टाके घ्यावेत. शेवंतीसाठी दुमडलेल्या बाजूला जवळजवळ काप द्यायचे नि मग गुंडाळायचं. सुट्या पाकळीला बाक हवा असेल, तर स्टीलचा चमचा तापवून त्याची पाठ उशीवर ठेवलेल्या पाकळीवर दाबायची. झालं फूल!

मला मात्र ही पद्धत फार सावकाशीची वाटे. मी पुण्यात एका वर्गात जाऊन साटिनची फुलं शिकले होते. पाकळीची कड मेणबत्तीवर धरायची, लोखंडी तारेचा देठ, पुठ्ठ्याचं बूड आणि सगळं गोंदानं चिकटवायचं. तासात आठ-दहा फुलं! मोठ्या ऐटीत मी ती सासूबाईंना दाखवली. त्यांनी फूल उलटं करून पाहिलं.

"छान आहे गं. पण हे उसवता येईल का?"

"आई, फूल कशाला कोण उसवेल?" मी हसून म्हटलं. त्याही हसल्या आणि विषय तिथंच राहिला.

2019 साली आमच्या लेकीचं लग्न मार्गशीर्षात ठरलं. रुखवताची तयारी आम्ही दोघींनी आधीच सुरू केली होती. सासूबाईंची शंभरावर फुलं नि माझी साठ, अशी सारी वाडीच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली होती.

ऑगस्टमध्ये पाणी चढू लागलं. वाडीकरांना पाणी नवं नाही. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरचं गाव ते. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी दत्तमंदिराच्या उत्तर दारानं आत शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिण दारानं बाहेर पडतं. या दक्षिणद्वार सोहळ्याच्या स्नानाला लांबलांबून माणसं येतात. पण त्या वर्षी पाणी देवळापाशी थांबलं नाही, घराघरांत शिरलं. दीर सासूबाईंना घेऊन जयसिंगपूरला नणंदेकडे गेले. इकडे पुण्याहून जाणारा हमरस्ता कोल्हापूरजवळ पाण्याखाली. फोनवर सासूबाईंचा आवाज ऐकून जीव थाऱ्यावर येई, एवढंच.

रस्ता सुरू झाल्यावर आम्ही पोहोचलो. भिंतींवर माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर गाळाची रेघ होती. धान्य, गाद्या, कागदपत्रं, सारं गेलेलं. अशा वेळी फुलांचं काय घेऊन बसायचं? पण लेकीनं ट्रंक उघडली आणि ती मटकन खालीच बसली. माझ्या फुलांचे पुठ्ठे लगदा झाले होते, गोंद सुटला होता, तारा गंजून त्यांचे डाग सगळीकडे पसरले होते. सासूबाईंच्या फुलांची खळ विरघळून ती चिंध्यांसारखी लोळत होती, आणि जुन्या तांबड्या लुगड्याचा रंग पांढऱ्या शेवंत्यांना लागला होता.

"जाऊ दे आजी," लेक म्हणाली, "मी बाजारातून विकत आणीन."

सासूबाईंनी एक गुलाब उचलून बोटांनी चाचपला. "टाके शाबूत आहेत," त्या म्हणाल्या. "आधी घर धुऊ. मग हे बघू."

घर धुवायलाच पंधरा दिवस गेले. नंतर एके दुपारी सासूबाई अंगणात घमेलं घेऊन बसल्या. एकेक फूल उसवून पट्टी सुटी केली, रिठ्याच्या पाण्यात धुतली, पुन्हा पुन्हा खळबळली आणि सावलीत वाळवली. गंजाच्या डागांवर लिंबू-मीठ चोळून त्या तेवढ्या उन्हात टाकल्या. बुरशी धरलेल्या काही फेकाव्या लागल्या. बाकीच्यांना पुन्हा पेज, पुन्हा इस्त्री. मी शेजारी बसून चुण्या पाडत होते. माझ्या साटिनच्या पाकळ्या धुऊन निघाल्या होत्या. त्यांचीही फुलं केली, पण या खेपेला सुईदोऱ्यानं.

तेवढ्यात लेकीनं आजीला फोनवर क्योटोच्या नर्तिकांची चित्रं दाखवली. त्यांच्या केसांत रेशमी कापडाची फुलं असतात आणि ती महिन्यागणिक बदलतात. कापडाचे चिमुकले चौकोनी तुकडे चिमट्यानं दुमडून पाकळ्या करायच्या नि चिकटवायच्या, ही जपानची जुनी कला.

"कशानं चिकटवतात गं?" आजींनी विचारलं.

"भाताच्या खळीनं."

"म्हणजे आपलीच माणसं की!" सासूबाई म्हणाल्या. पूर आल्यापासून त्या प्रथमच मोकळ्या हसल्या.

लग्नात रुखवतावर तेच तोरण लागलं. तांबडा डाग गेला नव्हताच, म्हणून सासूबाईंनी त्या शेवंत्या मुद्दाम मधोमध घेतल्या. विहीणबाईंनी विचारलं, "हा गुलाबी रंग कुठं मिळाला हो?" लेकीनं आजीकडे पाहिलं आणि सांगितलं, "कृष्णेत."

2021 च्या जुलैत वाडीला पुन्हा पूर आला. तोरण तेव्हा लेकीच्या घरी होतं, पण सासूबाईंची नवी फुलं ट्रंकेत होती. या वेळी मी फोनवर रडले नाही. "आई, रिठे आणू ना?" एवढंच विचारलं.

वाचक भगिनींनो, या दिवाळीला जुनं सुती लुगडं बोहारणीला देण्याआधी त्याची एक उरेब पट्टी कापून ठेवा. आणि फूल कराल, ते शिवूनच करा.