बहुपदीचे वर्गमूळ आणि अवयव
वर्गमूळाच्या चिन्हाखाली बहुपदी, म्हणजे चलाचे पूर्ण घात असलेल्या पदांची बेरीज, असेल तर प्रथम तिचे अवयव पाडावेत, कारण बेरजेतील प्रत्येक पदाचे वर्गमूळ सुटे घेता येत नाही, पण ऋण नसलेल्या अवयवांच्या गुणाकारात ते घेता येते. उदाहरणार्थ, २क्ष² + १२क्ष + १८ मधून २ सामाईक काढल्यास २(क्ष + ३)² हे रूप मिळते. त्यातील पूर्ण वर्ग चिन्हाबाहेर येतो, २ आतच राहतो आणि उत्तर √२ |क्ष + ३| असे होते. या उभ्या रेषा केवलमूल्य, म्हणजे चिन्ह वगळून उरणारी किंमत, दर्शवतात आणि घाईत नेमक्या त्याच गळतात: क्ष = −५ घेतल्यास बहुपदीची किंमत ८ आणि वर्गमूळ २√२ येते, तर रेषांविना −२√२ हे चुकीचे उत्तर हाती पडते. क्ष + ३ ऋण नाही याची खात्री नसेल, तर केवलमूल्याचे चिन्ह कधीही गाळू नये.