अद्ययावतीकरणही आधी चाचणी प्लॉटवर

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अद्ययावतीकरणाने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर ठप्प झाले. गुरुग्रामस्थित इंडिगोला सुमारे २०० उड्डाणे रद्द करावी लागली. काही प्रवाशांना हस्तलिखित बोर्डिंग पास मिळाले. दोष ७८ मिनिटांत मागे घेतला गेला. परंतु अनेक संगणक सेफ मोडमध्ये सुरू करून सदोष फाइल हाताने काढावी लागली.

नवे वाण एकदम सर्व क्षेत्रावर पेरावे, तसे ते अद्ययावतीकरण सर्वत्र एकाच वेळी गेले होते. म्हणून विस्तार केंद्रांनी फर्मवेअर प्रथम एकाच संगणकावर, अखंड वीजपुरवठा असतानाच बदलावे. डिस्कची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी आणि मृदा परीक्षणाच्या नोंदींची प्रत स्वतंत्र डिस्कवर जपावी.