नायक रडला तर काय बिघडते?



मागील सत्रात नववीच्या वर्गशिक्षिका एक गणिताची वही (आपल्या इंदुरी बोलीत ‘कॉपी’) घेऊन माझ्याकडे आल्या. पुढच्या पानांवर गणिते होती. वही उलटी धरली की मागच्या बाजूने एका विद्यार्थिनीने लिहिलेली सतरा पानांची गोष्ट सुरू होत होती. गोष्ट हॅरी पॉटरची होती, पण पुस्तकातली नव्हती. हॅरी तापाने फणफणला आहे, आणि ज्या स्नेप सरांनी त्याला वर्षानुवर्षे टोमणे मारले, तेच सर रात्रभर त्याच्या उशाशी बसून कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत आहेत. हॅरी रडतो. सर त्याला गप्प करत नाहीत.

बाईंनी विचारले, “सर, शिक्षा काय करायची?” मी म्हटले, “वही ठेवून जा, आधी वाचतो.” वाचून झाल्यावर शिक्षेचा विचार मागे पडला. कारण त्याच आठवड्यात मैदानावर पडून कोपर सोलवटलेल्या सहावीच्या एका मुलाला मी म्हणालो होतो, “अरे, मुलगा असून रडतोस?” तेच वाक्य पुढे महिनाभर त्याच्या वर्गातली मुले त्याला चिडवायला वापरत होती, हे मला फार उशिरा कळले.

म्हणून या प्रकारच्या लेखनाची थोडी माहिती मिळवली. ती आपल्यापुढे ठेवतो.

आवडत्या पुस्तकातली, चित्रपटातली किंवा मालिकेतली पात्रे घेऊन चाहत्यांनी स्वतः लिहिलेल्या गोष्टींना ‘फॅन फिक्शन’ म्हणतात. त्यातून पैसे मिळत नाहीत. मूळ कथेत जे राहून गेले असे वाटते, ते लिहून काढणे एवढाच बहुतेकांचा हेतू असतो. हे ऐकायला परके वाटते, पण त्यामागची ओढ आपल्याला परकी नाही. मी हिंदी माध्यमाचा पदवीधर. बी. ए. ला मैथिलीशरण गुप्त यांचे ‘साकेत’ होते. कवींनी लक्ष्मणाच्या ऊर्मिलेची उपेक्षा केली, अशी तक्रार महावीरप्रसाद द्विवेदी यांनी एका लेखात केली होती. गुप्तजींनी ती मनावर घेतली आणि रामकथेत ऊर्मिलेला तिची जागा दिली. आपल्या आज्या-पणज्याही जात्यावर दळताना सीतेच्या वनवासाच्या ओव्या गात आणि त्यात सीतेची बाजू मांडत. ‘साकेत’ला किंवा ओवीला फॅन फिक्शन म्हणणे धाडसाचे होईल, पण “हिचे मन कोणी सांगितलेच नाही” ही हुरहूर तीच आहे.

आजच्या स्वरूपातल्या फॅन फिक्शनचा इतिहास बहुधा अमेरिकेतील ‘स्टार ट्रेक’ या मालिकेपासून सांगितला जातो. १९६६ ते १९६९ या काळात तिचे ७९ भाग झाले. आपल्याकडे १९८० च्या दशकात दूरदर्शनवर ती पाहिलेले पालक असतील. अंतराळयानाचा कप्तान कर्क धाडसी आणि बेधडक. त्याचा सहकारी स्पॉक बुद्धिमान आणि भावना दाबून ठेवणारा. मालिकेच्या पहिल्या चाचणी भागात यानावरचे दुसऱ्या क्रमांकाचे पद एका स्त्रीकडे होते. वाहिनीने तो भाग नाकारला आणि दुसऱ्या चाचणी भागात ती अधिकारी उरली नाही. १९६९ मध्ये दाखवलेल्या शेवटच्या भागाची कथाच अशी होती की, स्त्रीला कप्तान होता येत नाही म्हणून एक स्त्री कर्कच्या शरीराचा ताबा घेते.

अशा मालिकेच्या चाहत्यांपैकी ज्यांनी लेखणी उचलली, त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. १९६७ मध्ये दोन तरुणींनी ‘स्पॉकानेलिया’ नावाचे हौशी मासिक काढले. पुढे अशी अनेक मासिके निघाली. घरी टंकलिखित करायची, प्रती काढायच्या आणि टपालाने पाठवायच्या, असा सगळा कारभार होता.

या स्त्रियांनी काय लिहिले? त्यांनी यानावर कर्तबगार स्त्रिया आणल्या, हे तर झालेच. पण अधिक नवलाची गोष्ट म्हणजे त्यांनी पुरुषांना बदलले. बीज मालिकेतच होते. १९६६ च्या एका भागात संसर्गामुळे ताबा सुटून स्पॉक रडतो. १९६७ च्या एका भागात आपल्या हातून कर्क मेला असे समजून बसलेला स्पॉक त्याला जिवंत पाहतो आणि क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर निखळ आनंद फुटतो. मालिकेत असे क्षण काही सेकंदांचे. चाहत्या लेखिकांनी त्या सेकंदांची पानेच्या पाने केली. नायक जखमी होतो, घाबरतो, आणि त्याचा मित्र त्याची शुश्रूषा करतो. जखम बांधणे, पाणी पाजणे, रात्र जागून काढणे ही घरात ज्या कामांना आपण ‘बायकांची’ म्हणतो ती कामे या कथांत शूर पुरुष करतात, आणि तरीही ते शूरच राहतात. दुखापत आणि दिलासा यांभोवती फिरणारा हा कथाप्रकार फॅन फिक्शनमध्ये आजही खूप लिहिला जातो. आमच्या विद्यार्थिनीची गोष्ट नेमकी त्यातलीच. कठोर स्नेप हॅरीचा पालक होतो, अशा कथा तर जगभर असंख्य आहेत. एक कडक शिक्षक म्हणून मला त्यात थोडा दिलासाही वाटला!

काही कथांत दोन पुरुषांमधली ही मैत्री प्रेमाचे रूप घेते. असे एक छोटे कथानक १९७४ मध्ये एका हौशी मासिकात छापून आले. दोन नावांच्या मध्ये तिरकी रेघ देण्याच्या पद्धतीवरून या प्रकाराला ‘स्लॅश’ हे नाव पडले. बायका दोन पुरुषांच्या प्रेमाबद्दल का लिहितात, हा प्रश्न अनेक अभ्यासकांनी घेतला. त्यांतले एक उत्तर विचार करण्यासारखे आहे. तोवरच्या प्रेमकथांत एकजण धनी आणि दुसरी आश्रित, अशी वाटणी ठरलेली असे. दोन्ही पात्रे एकाच हुद्द्याची, एकाच तोडीची असली की कोण हुकूम देणार आणि कोण चहा करणार, हे आधीपासून ठरत नाही. ते दोघांना मिळून ठरवावे लागते. त्या लेखिकांना बरोबरीचे नाते कसे असते ते पाहायचे होते.

तिसरा प्रकार म्हणजे नायकालाच मुलगी करून लिहिलेल्या गोष्टी. हॅरी मुलगी असता तर? शेरलॉक होम्स स्त्री असती तर? मग ज्या तऱ्हेवाईकपणाला आपण पुरुषात ‘प्रतिभा’ म्हणतो, त्याला बाईमध्ये काय म्हटले असते, हे लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला दोघांनाही ठरवावे लागते.

मात्र हे सारे लेखन उत्तम असते असे मी म्हणणार नाही. दोन पुरुषांच्या कथेतही एकाला हळवा-नाजूक आणि दुसऱ्याला रांगडा करून जुनीच नवरा-बायकोची चौकट पुन्हा उभी करणाऱ्या कथा पुष्कळ असतात. काही कथांत तर स्त्रिया औषधालाही सापडत नाहीत. शिवाय चाहत्यांनी आपल्याच मुलींची टिंगलही केली आहे. १९७३ मध्ये पॉला स्मिथ यांनी ‘मेरी सू’ नावाच्या साडेपंधरा वर्षांच्या सर्वगुणसंपन्न अधिकारी मुलीवर एक विडंबन लिहिले. ते इतके गाजले की अशा प्रत्येक नायिकेला तेच नाव चिकटले. नंतर लोकांनी विचारले, की सर्व काही येणारा, सर्वांना आवडणारा पुरुष नायक तर दर दुसऱ्या चित्रपटात असतो, त्याला कोणी का हसत नाही? प्रश्न रास्त आहे.

विद्वानांनीही या लेखनाची दखल घेतली. १९९२ या एकाच वर्षी हेन्री जेन्किन्स आणि कॅमिल बेकन-स्मिथ यांची या विषयावरील पुस्तके निघाली. २००९ मध्ये चाहत्यांनी स्वतः उभारलेले ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे कथाभांडार खुले झाले. त्याचे नाव व्हर्जिनिया वुल्फ यांच्या १९२९ च्या, स्त्रीला लिहिण्यासाठी स्वतःची खोली हवी असे सांगणाऱ्या पुस्तकावरून सुचलेले आहे. २०१९ मध्ये या भांडाराला विज्ञानकथेच्या क्षेत्रातील मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

पालकांना एक सूचना. या कथा सर्व वयांसाठी नसतात. त्या भांडारात कथेवर वाचकाच्या वयानुसार वर्गवारी लिहिण्याची सोय असते. मुले काय वाचतात ते त्यांच्याजवळ बसून पाहा. पण वही फाडू नका. वही फाडली की लिहिणे थांबत नाही, आपल्याला दाखवणे थांबते.

मला यातून मिळालेला धडा असा. मर्द कसा असावा, हेसुद्धा कोणीतरी लिहिलेलेच असते : सिनेमाने, शेजाऱ्यांनी, आणि मैदानावर उभ्या असलेल्या प्राचार्यांनी. लिहिलेले असेल तर ते खोडून नव्याने लिहिता येते. नववीतली एक मुलगी ते करू शकते, तर मला न जमायला काय झाले?

वही मी परत केली. शिक्षा एवढीच, की गणित आणि गोष्ट यांच्या वह्या वेगळ्या ठेवायच्या. सहावीच्या त्या मुलाला बोलावून माझे वाक्य मी मागे घेतले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या वर्गातही तसे सांगितले. मुले थोडी हसली. हसू द्या. आपल्या घरातही ते वाक्य असेल, तर या सत्रात आपण मिळून ते खोडू या.

— प्राचार्य