पिवळ्या डब्यातलं तूप

परवा माळ्यावरची ट्रंक आवरताना आईची पाककृतींची एक इंग्रजी पुस्तिका हाती लागली. मुखपृष्ठ केव्हाच गळून गेलेलं, पानांवर हळदीची बोटं. पण आत ते ओळखीचं झाड जसंच्या तसं उभं होतं. डालडा! तुमच्यापैकी ज्यांचं बालपण साठीच्या दशकात गेलं त्यांना तो पिवळा डबा आठवेलच. तूप संपलं की त्यात तुळस लागायची, पाण्याच्या रांगेत नंबर लावायला तोच, आणि चाळीच्या टोकापर्यंतची त्याची सकाळची सोबत तर सांगायलाच नको.

डालडा बाजारात आलं १९३७ साली. हॉलंडमधून वनस्पती तूप आणणाऱ्या कंपनीचं नाव ‘डाडा’. त्यात लीव्हर कंपनीने आपला ‘ल’ घुसवला आणि डालडा झालं, अशी त्या नावाची हकीकत सांगतात. पण साजूक तुपाच्या देशात हे विकायचं कसं? १९३९ मध्ये लिंटास या जाहिरात संस्थेच्या हार्वे डंकन यांनी मोठीच शक्कल लढवली. चित्रपटगृहांत दाखवायला फिल्म, गावोगाव पत्रकं, आणि रस्त्यावर चक्क डालड्याच्या गोल डब्याच्या आकाराची गाडी! जागोजागी पदार्थ तळून लोकांना चाखायला देत. पुढे ‘डालडा ॲडव्हायझरी सर्व्हिस’ निघाली. गृहिणींनी शंका विचाराव्यात, तिने सल्ला द्यावा. जाहिरातींतून अ आणि ड जीवनसत्त्वांचा पाढा चाले. (तूप विकायला डॉक्टरी भाषा लागते, हे त्या लोकांना फार लवकर कळलं होतं.)

आईच्या पुस्तिकेत शिरा, पुलाव, समोसे यांच्या शेजारी केकही आहे. आमच्याकडे कुठला ओव्हन? पातेल्यात वाळू, वर झाकणावर निखारे. ‘कप’ खोडून आईने पेन्सिलीने ‘वाटी’ केलं आहे. एके ठिकाणी तर नुसतंच ‘परवडत नाही’.

सगळ्यांना हे तूप रुचलं होतं असं मात्र नाही. गांधीजींचा वनस्पती तुपाला विरोध होता. पन्नाशीच्या दशकात त्यावर बंदी घाला अशी ओरड झाली. खरी भीती भेसळीची. म्हणून वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचं तेल घालण्याची सक्ती झाली. संशयित तुपात साखर आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घालून हलवलं की तिळाच्या तेलामुळे गुलाबी रंग येतो आणि चोरी पकडली जाते.

आमच्या आजीकडे आम्ल नव्हतं. तिच्याकडे मी होते.

गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत आजीची साजूक तुपाची बरणी वेगळी असे. डालड्याला ती ‘ते’ म्हणायची, नाव घेत नसे. मी आठ वर्षांची होते. दिवाळीत आईने चिरोटे केले. साटा डालड्याचा, तळणही डालड्यातच. मी स्वतः पाटावर बसून पाहिलं होतं. आजीने दोन खाल्ले, ‘छान सुटलेत पदर’ म्हणाली. आणि मी, काहीतरी महत्त्वाचं ठाऊक असल्याच्या आनंदात, ओरडले, ‘आजी, ते डालड्याचे आहेत!’

आजीने बशी सरकवली. तुळशीच्या लग्नापर्यंत तिने आईच्या हातचं तळण तोंडात घातलं नाही. घरात कुणी आवाज चढवला नाही. ते अधिकच वाईट.

डालड्याबाबत आजीचंच शेवटी खरं ठरलं, वेगळ्या कारणाने. तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन मिसळून ते अर्धवट घट्ट करताना ट्रान्स फॅट्स तयार होतात आणि ती हृदयाला घातक असतात, हे पुढे संशोधनातून कळलं. जानेवारी २०२२ पासून भारतात खाद्यतेलं आणि वनस्पती यांत त्यांची मर्यादा २ टक्क्यांवर आणली गेली. हे सारं वाचताना मला चिरोट्यांची ती बशी आठवायची, आणि आपण खरं तेच बोललो होतो, असं मी मनाला समजवायची.

परवा पुस्तिकेचं शेवटचं कोरं पान उलटलं. तिथे आईच्या अक्षरात चिरोट्यांचं प्रमाण आहे. खाली तारीख, दिवाळी ६१. आणि त्याखाली बारीक पेन्सिलीत: ‘सासूबाईंचे आठ आधी, साजूक तुपात. मग बाकीचे.’

मी पाटावर येऊन बसले ती बहुधा ‘मग बाकीचे’च्या वेळी. आई त्या दिवशी काही म्हणाली होती का, हे खूप आठवून पाहते आहे.