पोक्काळी : खाऱ्या पाण्यातील भातशेती

समुद्राचे पाणी शेतात शिरणे ही किनाऱ्यावरील शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठीच आपत्ती होय. कोकणात खाडीचा बांध उधाणाने फुटला, की त्या खाचरात पुढील एकदोन वर्षे धड पीक येत नाही. जमिनीत मुरलेले मीठ पावसाने धुऊन जाईपर्यंत वाट पाहण्याखेरीज शेतकऱ्याला दुसरा उपाय नसतो. केरळच्या किनाऱ्यावरील काही शेतकरी मात्र पिढ्यान्‌पिढ्या याच्या नेमके उलट करीत आले आहेत. ते दर वर्षी सुमारे पाच महिने समुद्राला आपण होऊन शेतात घेतात आणि पावसाळा लागताच त्याच शेतात भात पिकवितात. या भाताला व या शेतीपद्धतीला पोक्काळी असे म्हणतात. मलयाळम भाषेत ‘पोक्कम्’ म्हणजे उंची. भात उंच वाढणारे, म्हणून हे नाव.

पोक्काळीची शेते एर्नाकुलम जिल्ह्यात आणि त्याला लागून असलेल्या आलप्पुळा व त्रिशूर या जिल्ह्यांच्या काही भागांत आहेत. हा प्रदेश वेंबनाड सरोवर, त्याला मिळणाऱ्या नद्या आणि समुद्र यांच्या मधोमध वसलेला असून समुद्रसपाटीच्या अगदी बरोबरीचा, काही ठिकाणी तर तिच्याहूनही सखल आहे. पेरियार नदीला १३४१ साली मोठा पूर आला, तिच्या गाळाने किनाऱ्याचे रूप पालटले आणि वैपीन हे बेट त्याच सुमारास वर आले, असे परंपरेने मानले जाते. नद्यांचा गाळ आणि समुद्राची भरती यांच्या झटापटीतून ही भूमी घडली, एवढे तर उघडच दिसते. येथे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील फार मोठा वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. त्या काळात नद्या इतक्या भरून वाहतात, की खाऱ्या पाण्याला त्या मागे रेटतात व कायलाचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या विस्तीर्ण खाडीसरोवराचे, पाणी जवळजवळ गोडे होते. नोव्हेंबरनंतर नद्यांचा जोर ओसरतो आणि समुद्र पुन्हा आत सरकू लागतो. पोक्काळीची सारी युक्ती पाण्याच्या या वार्षिक फेऱ्यावर आधारलेली आहे.

शेतीचे वर्ष एप्रिलच्या मध्यास सुरू होते. ओहोटीच्या वेळी बांधातील उघाडी वर करून शेतातील खारे पाणी बाहेर सोडले जाते; भरती येऊ लागली की ती बंद करतात. असे काही दिवस केल्यावर तळचा चिखल उघडा पडतो. मग बांधांची डागडुजी होते आणि चिखल ओढून त्याचे ठिकठिकाणी ढीग रचले जातात. प्रत्येक ढीग तळाशी सुमारे १ मीटर रुंद व अर्धा मीटर उंच असतो. दुरून पाहणाऱ्याला हे शेत वारुळांनी भरलेले वाटावे. या ढिगांमागील हेतू मात्र फार शहाणपणाचा आहे. मिठाला खाली वाहून नेण्यासाठी पाण्याला उतार हवा असतो. सपाट शेतात पावसाचे पाणी साचून राहते आणि मीठ त्याच पाण्यात विरघळलेले राहते. ढिगावर पडलेला पाऊस मात्र झिरपत खाली येतो, येताना मातीतील मीठ बरोबर आणतो, आणि ते खारट पाणी पुढच्या ओहोटीला उघाडीवाटे निघून जाते. पावसाच्या पहिल्या काही जोरदार सरींतच ढिगांचे माथे पेरणीयोग्य होतात.

पाऊस नेमका केव्हा पुरेसा पडेल हे कोणालाच आधी सांगता येत नाही, आणि बियाणे तर तयार असले पाहिजे. ही अडचण शेतकऱ्यांनी ज्या रीतीने सोडविली आहे ती पाहून वनस्पतिशास्त्रज्ञालाही कौतुक वाटावे. नारळीच्या विणलेल्या झावळ्यांच्या करंडीला आतून सागाची किंवा केळीची पाने लावून तीत बी घट्ट दाबून भरतात. ही करंडी गोड्या पाण्याच्या तळ्यात १२ ते १५ तास बुडवून ठेवतात व मग बाहेर काढून सावलीत ठेवतात. बियाला मोड फुटतो न फुटतो तोच त्याची वाढ थांबते आणि सुमारे महिनाभर बी त्या अवस्थेत राहू शकते. कोकणातील रहूच्या बियासारखेच हे मोडाचे बी. फरक इतकाच, की येथे ते पावसाची वाट पाहत थांबून राहते. ढीग पेरणीजोगे झाले, की करंड्या पुन्हा ३ ते ६ तास भिजवून बी ढिगांच्या माथ्यावर पेरले जाते. रोपे ४० ते ४५ सेंटिमीटर उंच झाल्यावर ढीग कुदळीने फोडतात आणि मातीच्या ढेकळासकट रोपे भोवती पसरतात. येथे वेगळे आवण करावे लागत नाही व रोप मातीतून उपटलेही जात नाही. मुळांना धक्का न लागल्यामुळे ते लगेच जोम धरते.

येथे भाताच्या अंगच्या गुणाचाही विचार केला पाहिजे. मीठ वनस्पतीला दोन प्रकारांनी मारते. एक तर खाऱ्या मातीतून पाणी शोषून घेणे मुळांना जड जाते, म्हणजे भोवती पाणी असून झाड तहानलेले राहते. दुसरे म्हणजे सोडियम पानांत साठत जाऊन पेशींच्या कामात विघ्न आणतो. जेथे पोटॅशियम हवा तेथे तो घुसतो. सर्वसाधारण भाताच्या जाती या दुसऱ्या आघातापुढे लवकर हार मानतात. पोक्काळी भाताच्या मुळांत व खोडांत सोडियमला वरच्या पानांपर्यंत जाऊ न देण्याची शक्ती अधिक असते. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने पोक्काळीचा दुसऱ्या एका जातीशी संकर करून या गुणाचा माग घेतला, तेव्हा भाताच्या पहिल्या गुणसूत्रावरील एका भागाशी त्याचा निकट संबंध आढळला. त्या भागाला ‘सॉल्टोल’ असे नाव देण्यात आले आहे. आज भारत व बांगलादेशासह अनेक देशांत खाऱ्या जमिनीसाठी भाताच्या नव्या जाती तयार करताना हाच भाग उपयोगात आणला जातो. बंगालमधील ‘नोना बोकरा’ या जुन्या जातीत २००५ साली असेच एक जनुक निश्चित करण्यात आले. वर चढणाऱ्या रसातून सोडियम काढून घेणे, हे त्याचे काम होय.

पुराच्या पाण्यातही पोक्काळी टिकून राहतो. त्याची उंची १३० सेंटिमीटरहून अधिक होते. अखेरच्या दिवसांत खोडे पाण्यात वाकून आडवी होतात, पण लोंब्या तेवढ्या पाण्यावर ताठ उभ्या राहतात. ऑक्टोबरच्या सुमारास कापणी होते ती कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून, आणि हे काम बहुतांशी स्त्रियाच करीत आल्या आहेत. लोंबीसह वरचा थोडासा भाग कापून होडीत टाकतात. उरलेला पेंढा जागच्या जागी कुजण्यासाठी सोडून देतात. तो पेंढा वाया जातो असे वाटेल, पण पुढील पिकाचे खाद्य तेच आहे.

हे पुढील पीक म्हणजे कोळंबी. कोळंबीची मादी समुद्रात अंडी घालते, परंतु तिची पिले वाढण्यासाठी खाडीच्या उथळ व अन्नसमृद्ध पाण्यात येतात आणि मोठी झाली की समुद्राकडे परततात. नोव्हेंबरच्या मध्यापासून शेतकरी भरतीच्या पाण्याबरोबर ही पिले शेतात घेतो. संध्याकाळी उघाडीपाशी दिवा टांगतात. उजेडाच्या ओढीने पिले आत येतात. पाणी परतू लागले, की बारीक जाळी लावून त्यांना अडवितात. कुजणाऱ्या पेंढ्यावर सूक्ष्म जीव वाढतात, त्यांच्यावर प्लवक, आणि या सर्वांवर कोळंबी पोसते. विकतचे खाद्य घालावे लागत नाही. पौर्णिमा व अमावास्येच्या सुमारास उधाणाच्या दिवसांत ओहोटीही खोल असते. मोठी झालेली कोळंबी अशा वेळी समुद्राची वाट धरते आणि उघाडीत लावलेल्या जाळ्यात सापडते. १४ एप्रिलपर्यंत हा हंगाम चालतो. कोळंबीची विष्ठा व भरतीने आणलेला गाळ शेतातच राहतो, त्यामुळे पुढच्या भाताला खत घालावे लागत नाही. कीटकनाशक फवारले तर कोळंबी मरेल, म्हणून तेही कोणी फवारीत नाही. भात हेक्टरी दीड-दोन टनच येते हे खरे. पण त्यासाठी बाहेरून काय आणावे लागले, हा हिशेबही त्याच्याशेजारी मांडला पाहिजे.

या मातीचा एक दोष सहसा ध्यानात येत नाही. तिच्यात लोह व गंधक यांचे संयुग दडलेले असते. पाण्याखाली असताना ते निरुपद्रवी असते. शेत फार काळ कोरडे पडले, की हवेतील प्राणवायूशी त्याचा संयोग होऊन गंधकाम्ल तयार होते आणि माती इतकी आंबट होते, की मग तीत काहीच उगवत नाही. पाणी काढणे व घेणे हा क्रम दर वर्षी पाळला गेला तरच हे आम्ल धुतले जाते. म्हणून एखाद्याने आपले शेत पडीक टाकले, तर ते पुन्हा लागवडीखाली आणणे दर वर्षागणिक कठीण होत जाते.

अशा प्रकारची शेती केवळ केरळातच आहे असे नाही. गोव्यातील खाजण जमिनी तिच्या सख्ख्या बहिणी शोभतात. तेथेही बांध घालून खाडीचे पाणी अडविले आहे, ‘मानस’ नावाच्या लाकडी दारांनी ते आत-बाहेर सोडले जाते, कोरगुट व आसगो यांसारख्या खारे पाणी सोसणाऱ्या जाती पिकतात आणि मानशीपाशी मासेही धरले जातात. बांधांची राखण गावकरी संस्थांकडे होती. पोक्काळीतही एकट्याने काही साधत नाही. एका बांधाच्या आत अनेकांची शेते असतात. उघाडी सर्वांची एकच, आणि ती कधी उघडायची हे सर्वांनी मिळून ठरवावे लागते.

अडचण येते ती नेमकी याच ठिकाणी. कोळंबीचे पैसे भाताच्या मानाने कितीतरी अधिक मिळतात. कोळंबीसाठी शेत घेतलेल्या माणसाला १४ एप्रिलनंतरही पाणी आतच राहावे असे वाटते. पाणी काढले नाही, तर ज्या थोड्या लोकांना भात पेरायचे असते त्यांचाही हंगाम बुडतो. ‘एक भात, एक मासळी’ असे राज्यशासनाचे धोरण आहे, तरीही हा वाद वर्षानुवर्षे चालू आहे. बारमाही कोळंबीचा धोकाही कमी नाही. १९९४-९५ च्या सुमारास भारताच्या किनाऱ्यावर कोळंबीवर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला आणि अनेक तळी पार ओस पडली. ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने किनारपट्टीवरील कोळंबी-उद्योगावर निर्बंध घातले, तेव्हा पारंपरिक पद्धतीची शेते त्यांतून वगळली होती.

कमरेएवढ्या पाण्यात कापणी करणारे हात आता सहज मिळत नाहीत. कोची शहर वाढत आले, रस्ते व पूल झाले, आणि भराव घातलेल्या शेताची किंमत पिकणाऱ्या शेतापेक्षा अधिक झाली. एके काळी पोक्काळीखाली सुमारे २५,००० हेक्टर जमीन होती. आज तिच्या लहानशा अंशावरच भात उभे राहते. २००८ साली केरळने भातजमिनी व पाणथळ जागांच्या रक्षणासाठी कायदा केला. पोक्काळी तांदळाला २००८-०९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. केरळ कृषी विद्यापीठाच्या वैट्टिला येथील केंद्राने जुन्या वाणांतून निवड व संकर करून ‘वैट्टिला’ या मालिकेतील अनेक जाती दिल्या आहेत.

पोक्काळीचे बी शीतगृहांतही सुरक्षित आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत उणे १८ अंश सेल्सियस तापमानाला बियाणे दीर्घकाळ जिवंत राहतात. परंतु शीतगृहातील बी ज्या दिवशी ठेवले त्याच दिवशीचे राहते, तर शेतातील बी दर पावसाळ्यात नव्या खारेपणाशी, नव्या पुराशी गाठ घेते आणि त्यांतून जे तगते तेच पुढच्या वर्षाच्या करंडीत जाते. शिवाय ढीग किती उंच रचावा, करंडी तळ्यातून कधी काढावी, कोणत्या ओहोटीला उघाडी वर करावी, यांपैकी काहीही बियाबरोबर पाकिटात घालून ठेवता येत नाही. वैपीनच्या आसपासच्या काही गावांत हे जाणणारे लोक अजून आहेत, आणि त्यांतील बऱ्याच जणांची साठी उलटली आहे. एप्रिलच्या मध्यास तेथील उघाड्या वर केल्या जातात; कोठे वेळेवर, कोठे भांडून, आणि कोठे त्या बंदच राहतात.