सीमेवरच्या नदीचे उद्यान

लंडनच्या उत्तरेकडून येऊन शहराच्या पूर्व भागात टेम्सला मिळणारी ली ही शतकानुशतके सीमेची नदी राहिली आहे. नवव्या शतकात राजा आल्फ्रेड आणि डेनांचा राजा गुथ्रम यांच्या तहात दोघांच्या प्रदेशांची हद्द काही अंतर याच पात्रातून आखली गेली, पुढे मिडलसेक्स आणि एसेक्स या काउंट्यांना, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या प्रदेशांना, तिनेच वेगळे केले, आणि आजही तिच्या एका काठावर हॅकनी तर दुसऱ्या काठावर वॉल्थम फॉरेस्ट हा बरो, म्हणजे महानगरातील स्वतंत्र पालिका, आहे. हद्दीवरच्या जमिनीच्या वाट्याला बहुधा जे येते तेच येथेही आले. सांडपाण्याची केंद्रे, विजेचे मनोरे, कचऱ्याचे भराव आणि रेती-खडीच्या खाणी यांना प्रत्येकाने गावकुसाबाहेरची जागा शोधली आणि ती नेमकी नदीकाठी निघाली.

या पट्ट्याला सलग हिरवी जागा मानण्याची कल्पना पॅट्रिक ॲबरक्रॉम्बी यांनी 1944 च्या बृहन्‌लंडन आराखड्यात मांडली होती, परंतु ती अमलात आणण्याचा अधिकार कोणा एका पालिकेकडे नव्हता. 1961 पासून हॅकनीचे महापौर लू शर्मन यांनी शेजारच्या स्थानिक संस्थांना जोडून घेण्यास सुरुवात केली, 1964 मध्ये सिव्हिक ट्रस्ट या संस्थेचा सविस्तर अहवाल आला, आणि 1966 साली संसदेने खास कायदा करून ली व्हॅली प्रादेशिक उद्यान प्राधिकरण स्थापन केले. त्याचे कार्यक्षेत्र हर्टफर्डशरमधील वेअर गावापासून टेम्सच्या काठापर्यंत सुमारे 42 किलोमीटर लांब आणि सुमारे 10,000 एकरांचे आहे. त्यातील सारी जमीन प्राधिकरणाच्या मालकीची मात्र नाही. जलाशय पाणीपुरवठा कंपनीकडे आहेत, आणि फुटबॉलसाठी प्रसिद्ध असलेली हॅकनी मार्शेसची मैदाने हॅकनीची पालिकाच सांभाळते.

प्राधिकरणाचा कारभार 28 सदस्य पाहतात. ते थेट निवडून येत नाहीत, तर स्थानिक संस्था त्यांची नेमणूक करतात, आणि त्यांत नदीकाठच्या संस्थांचे सदस्य बहुसंख्य असतात. पैशाची व्यवस्था अधिक बारकाईने पाहण्यासारखी आहे. प्राधिकरण स्वतः कोणाच्याही दारात कर मागायला जात नाही. दर हिवाळ्यात ते पुढील वर्षाची लेव्ही, म्हणजे संस्थांकडून हक्काने घ्यावयाची रक्कम, ठरवते, फेब्रुवारीच्या मध्यापूर्वी तिचे मागणीपत्र पाठवते, आणि ही रक्कम कौन्सिल टॅक्समधून, म्हणजे आपल्या घरपट्टीशी मिळत्याजुळत्या करातून, उभी राहते. ती लंडनच्या सर्वच पालिकांना द्यावी लागते, आणि प्रत्येकाचा वाटा त्या भागातील घरांची संख्या आणि त्यांची मूल्यश्रेणी यांवरून निघतो. ते घर नदीपासून किती दूर आहे, हा प्रश्न हिशेबात येतच नाही. त्यामुळे लंडनच्या थेट दक्षिण टोकावरील क्रॉयडनचा रहिवासीही या उद्यानाचा खर्च उचलतो, आणि दूरच्या पालिकांनी यावर वेळोवेळी आक्षेप घेतलेला आहे. तो आक्षेप गैरलागू म्हणता येत नाही. तथापि, केवळ काठावरच्या पालिकांवर भार टाकला असता, तर औद्योगिक वस्तीच्या त्या गरीब भागांना, ज्यांना मोकळ्या जागेची सर्वाधिक गरज होती, तो पेलवला नसता. लेव्हीचे हे दूरवर पसरलेले जाळे हाच या रचनेचा सर्वांत न्याय्य भाग आहे.

नियोजनाच्या बाबतीत कायद्याने काढलेला मार्ग त्याहूनही सूक्ष्म आहे. बांधकामाला परवानगी देण्याचा किंवा ती नाकारण्याचा अधिकार प्राधिकरणाकडे नाही; तो ज्या त्या पालिकेकडेच राहिला. मात्र प्राधिकरणाने उद्यानाचा आराखडा केला, की त्यातील आपल्या हद्दीशी संबंधित प्रस्ताव काठावरच्या नियोजन संस्थांनी स्वतःच्या विकास आराखड्यात समाविष्ट केलेच पाहिजेत, आणि तसे करताना त्या प्रस्तावांशी त्या सहमत आहेत असे मात्र मानले जात नाही. सहमती होईपर्यंत काम थांबवून धरण्याऐवजी असहमतीसह नोंद करण्याची ही सोय आहे. पालिकेतली सत्ता बदलली तरी प्रस्ताव कागदावरून पुसला जात नाही, आणि विरोध असलेल्या पालिकेला आपला विरोध सोडल्याचे नाटकही करावे लागत नाही.

या व्यवस्थेतून उभे राहिलेले काम पायी चालतानाच नीट दिसते. नौकावाटेच्या कडेने जाणाऱ्या पाऊलवाटेवर जुन्या खडीच्या खाणी आता पक्ष्यांच्या तळ्यांच्या रूपात भेटतात, आणि विजेचे मनोरे अद्याप तेथेच असले तरी त्यांच्या पायथ्याशी वेत-लव्हाळे वाढलेले असते. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमधील खळाळत्या पाण्यातील नौकास्पर्धा प्रत्यक्षात लंडनच्या हद्दीबाहेर, हर्टफर्डशरमधील वॉल्थम क्रॉस येथे झाल्या. सुमारे 300 मीटर लांबीचा आणि साडेपाच मीटर उताराचा हा प्रवाह पंपांनी वाहता ठेवला जातो, आणि स्पर्धेच्या आदल्या वर्षीच, 2011 मध्ये, तो सामान्य लोकांसाठी खुला झाला होता. तेथील केंद्र प्राधिकरणाच्याच मालकीचे आहे. तेथून दक्षिणेकडे निघालेली पाऊलवाट एम-25 या वर्तुळाकार महामार्गाखालून जाते आणि थोड्याच अंतरावर काउंटी संपून एन्फील्ड हा बरो सुरू होतो, परंतु वाटेची रुंदी तेथे बदलत नाही.