हळदीतला ईकार

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात दर्जा. मात्र वसमतच्या सरकारी संशोधन केंद्राच्या नावात ‘हरिद्रा’ ऐटीत पुढं आणि ‘हळद’ कंसात! संस्कृत दिसलं की मराठीनं अंग चोरायचं, ही सरकारी खोड काही दर्जा मिळून जात नाही.

वास्तविक मोंढ्यात ‘हळदीला काय भाव?’ असं विचारणारा शेतकरी नकळत जुना पुरावाच पुढं करत असतो. शब्द हळद, मग ‘हळदीला’मधला ई आला कुठून?

बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्रानं प्राकृताचं व्याकरण लिहिलं. हरिद्रेतल्या ‘र’चा ‘ल’ होतो, ‘इ’चा ‘अ’ होतो, असं सांगून तो दोन रूपं देतो: हलद्दा आणि हलद्दी. मराठीनं यातलं कोणतं घेतलं? नुसत्या ‘हळद’वरून पत्ता लागत नाही, कारण शेवटचा स्वर गळाला. सामान्यरूपात मात्र तो प्रत्ययाच्या आडोशाला तगून राहिला. जिह्वेची जिब्भा, तिची जीभ, म्हणून जिभेला. भित्तीची भिंत, म्हणून भिंतीला. या न्यायानं आपली हळद हलद्दीची लेक. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडितानं मराठी शब्दांचा असाच माग काढला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ साली तो ग्रंथ मराठीत आणला. आता हा पुरावा अगदी बिनतोड नाही. ‘विद्युत्’मध्ये आ नसताना आपण ‘विजेला’ म्हणतोच. नामंही शेजारणीचं बघून वळण बदलतात.

हरिद्रेतला ‘हरि’ म्हणजे पिवळा. त्याच मुळातून हिरण्य निघालं, आणि थेट स्लाव्ह लोकांचं सोनंही: रशियन ‘झोलोतो’, पोलिश ‘झ्वोतो’, बल्गेरियन ‘झ्लातो’. त्यांवरून अभ्यासक आदिस्लाव्ह ‘*झोल्तो’ उभं करतात. ते लिहिलेलं कुठंच सापडत नाही, म्हणून डोक्यावर तारा. षष्ठीचं ‘*झोल्ता’, चतुर्थीचं ‘*झोल्तु’ ही रूपंही लेकी-भाषांवरूनच जुळवलेली. हलद्दीला तारा नाही, तिची नोंद हेमचंद्राच्या पोथीत आहे. हिंगोलीत हळदीला पिवळं सोनं म्हणतात, त्यात व्युत्पत्तीचा काही हात नाही. भाव चढला की म्हणतात.